उडाली की उडवली

गेल्या दिवाळीला माझा पुतण्या अमेरिकेहून गावी आला होता. धाकट्या भावाचा मुलगा. तिकडं टेक्सास राज्यात असतो, कॉम्प्युटरच्या कामात आहे. बायको आणि चार वर्षांची पोरगी बरोबर होती. पोरगी आल्या दिवसापासून माझ्या मागं मागं. गोठ्यात, परड्यात, खळ्यावर. दिसेल ती वस्तू ओढून बघायची. दाव्याला हात, विळ्याला हात, मोटरीच्या बटणाला हात. तिची आई ओरडायची आणि मी म्हणायचो, असू दे, बघू दे, हात लावल्याशिवाय कळायचं कसं?

एका संध्याकाळी सोप्यात बसलो असताना पुतण्यानं मोबाइल पुढं केला. म्हणाला, ‘‘तात्या, हे बघा. ही खोड माझ्यात तुमच्याकडनं आलीय.’’

घरात काही बिघडलं की मीच खोलून बसतो, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. पंप, स्टार्टर, शिलाई मशीन, घड्याळ. फोटोत एक टेबल होतं, टेबलावर फडकं आणि फडक्यावर एक पिस्तूल सुटं करून ओळीनं मांडलेलं. तिकडं परवान्याची आपल्यासारखी कटकट नाही, घराघरात हत्यार असतं, हे ऐकून होतो. पण आपल्या घरातल्या पोराच्या टेबलावर बघणं वेगळं.

‘‘कंपनीकडनं येतं तेव्हा याचा चाप साडेपाच पौंडांचा असतो,’’ तो सांगू लागला. ‘‘म्हणजे बोटानं अडीच किलोचा जोर लावायचा. शिवाय जरा खरखरीत लागतो. मी घरीच बसून तो साडेतीनवर आणला. कुणाला पैसे दिले नाहीत. आता लोण्यासारखा चालतो.’’

घरातले सगळे कौतुकानं बघत होते. भाऊ म्हणाला, तात्याचाच पुतण्या. मी म्हैस ओरडतीय असं काहीतरी बोलून उठलो आणि गोठ्यात जाऊन उभा राहिलो. म्हैस निवांत रवंथ करत होती.

‘लोण्यासारखा’ हा शब्द मीही एकदा वापरला होता. १९९१ साली.

आधी थोडं बंदुकीविषयी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा भाग आजऱ्याचा, हिरण्यकेशीच्या वरच्या अंगाचा. एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला जंगल. आमच्या घनसाळ भाताचा वास आता लांबवर गेलाय, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण रानडुकरांना तो वास त्याच्या आधीपासून ठाऊक आहे. दाणा दुधात आला की कळप उतरायचे. एका रात्रीत वाफा असा व्हायचा की जणू कुणी लोळून लोळून गादी केलीय. त्यासाठी माझ्या वडलांकडं, आबांकडं, पीक राखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. परवाना त्यांच्या नावाचा आणि राखणदार म्हणून माझं नाव लागलेलं.

डुक्कर मारायला नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय मारता येत नाही, आणि परवानगी मिळेपर्यंत भात मळून घरात येतंय. बंदूक बार काढायला. नळीत दारू ठासायची, वरनं चिंधीचा बोळा, आणि आकाशाकडं तोंड करून उडवायची. आवाजानं कळप पांगायचा, तासाभरानं परत यायचा. रात्र अशी जायची.

आमच्याकडं काही लोक चापालाच घोडा म्हणतात. मी इथं घोडा म्हणतोय तो बाहेरनं दिसणारा, जो मागं ओढून चढवायचा आणि जो केपेवर आपटतो तो. चाप म्हणजे खालची बोटाची कळ. घोडा दोन टप्प्यांत चढतो. पहिल्या टप्प्याला आबा अर्धा घोडा म्हणायचे. अर्ध्या घोड्यावर चाप कितीही ओढला तरी बार होता कामा नये. ती झोपलेली बंदूक. चालताना, बांध ओलांडताना, माळ्यावरनं उतरताना बंदूक अर्ध्या घोड्यावर पाहिजे, हा आबांचा नेम. त्या बाबतीत ते देवापेक्षा कडक होते.

पुतण्याच्या पिस्तुलात घोडाच नाही. ग्लॉक म्हणतात त्याला, ऑस्ट्रिया देशाच्या सैन्यानं १९८२ च्या सुमाराला घेतलेला नमुना, मग जगभर पसरला. आत स्प्रिंगवर एक जाड सुई बसवलेली असते, अर्धवट ताणलेली. चाप ओढला की ती पुरती ताणली जाते, सुटते आणि गोळीच्या बुडावर बसते. बाहेरनं बघणाऱ्याला काही कळत नाही. आमच्या बंदुकीचा घोडा उभा आहे की बसलाय हे अंधारात हाताला लागायचं. याचं सगळं पोटात. वेगळी कुलपाची कळही नसते. चापाच्या मधोमध एक बारीक पट्टी असते, ती बोटानं दाबली तरच चाप हलतो. म्हणजे धक्क्यानं उडत नाही, बोटानंच उडतं. बोट कुणाचं, हे मात्र पट्टीला कळत नाही.

आमच्या बंदुकीचा चाप फार जड होता. त्यात माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर लहानपणी गुऱ्हाळाच्या चरकात चेमटलेलं. जोर धरत नाही. बार काढताना मी सगळा पंजा आवळायचो, नळी हिसका खायची, आणि शेजारच्या माळ्यावरची पोरं सकाळी नक्कल करून दाखवायची. हसण्यावारी नेत होतो, पण टोचत होतं. मी दहावी झाल्यावर गडहिंग्लजला सहा महिने एका लेथवर काम केलेलं. लोखंड आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती.

एका दुपारी आबा बाजारला गेले होते. मी सोप्यात बसून बंदुकीची कळ खोलली आणि आतली खिटी कानशीनं घासली. किती आणि कशी ते सांगत नाही, सांगण्यासारखं काम नव्हतं. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानंच करायची असते, हे मला माहीत होतं. पण तो तालुक्याच्याही पलीकडं आणि कानस हाताशी. सगळं परत बसवलं, रिकामा चाप ओढून बघितला. आई चहा घेऊन आली तेव्हा तिला म्हणालो, ‘‘बघ आता, लोण्यावानी चालतंय.’’ तिला काय कळणार. आबा संध्याकाळी आले, बंदुकीला तेलाचा वास आला म्हणून विचारलं, ‘‘काय केलंस रं हिला?’’ मी म्हणालो, ‘‘साफ केली.’’

पुढची तीन-चार आठवडे मी राजा होतो. नळी हलत नव्हती. एकदा तर झाडाच्या शेंड्यावरचं सुकलेलं फळ उडवून दाखवलं. छर्रे घालायला लागलो होतो, हेही सांगून टाकतो. चाप हलका झाला तशी उडवायची इच्छा वाढली. हे मला आज कळतं, तेव्हा वाटायचं डुकरं वाढलीत.

कार्तिकातली रात्र. दव असं पडलेलं की माळ्याच्या शिडीचे दांडे भिजलेले. पलीकडच्या वावरातला आमचा शेजारी, आम्ही त्याला आण्णा म्हणतो, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, बॅटरी घेऊन बांधावरनं आला. ‘‘खाली ये, चा आणलाय,’’ म्हणाला. मी बंदूक घेतली, नेमाप्रमाणं अर्ध्या घोड्यावर ठेवली. ठेवली, हे मी देवाच्या पायावर हात ठेवून सांगतो. बोट चापापासून लांब, दस्त्यावर. दोन दांडे उतरलो, तिसऱ्यावर पाय सटकला, मी गुडघ्यावर आपटलो, बंदूक शिडीला आपटली आणि बार झाला.

‘‘आरं लागलं रं मला!’’

हा आवाज मी अजून ऐकतो. मोठ्यानं नव्हता. कुणी लांबनं हाक मारावी तसा होता.

आठ-नऊ छर्रे त्याच्या डाव्या पायाच्या पोटरीत. धोतर फाडून बांधलं, बाजेवर घालून सडकेपर्यंत आणला, तिथनं दुधाच्या जीपनं दवाखान्यात. डॉक्टरांनी बाकीचे काढले, एक हाडाजवळचा राहू दिला. पुढं चौकशी झाली, जबाब झाले, बंदूक जमा झाली ती कायमचीच. आबांनी जबाबात सांगितलं, बंदूक जुनी होती, आतलं झिजलं होतं. आण्णानं सांगितलं, चुकून झालं. मी सांगितलं, पाय घसरला आणि बंदूक उडाली.

आता इथं थांबतो, कारण मला ज्याविषयी लिहायचंय ते हेच.

‘बंदूक उडाली.’ या वाक्यात एकही अक्षर खोटं नाही. मी उडवली नव्हती. बोट चापावर नव्हतं. बंदूक अर्ध्या घोड्यावर होती, आणि अर्ध्या घोड्यावरनं ती उडाली, कारण खिटी एकच असते आणि तीच दोन्ही खाचांत बसते. मी पुऱ्या घोड्याचा चाप हलका करायला घासली, त्यात अर्ध्याचीही धरायची ताकद गेली. लेथवर सहा महिने काढलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. विचारच केला नाही.

आपल्या मराठीत या बाबतीत मोठी सोय आहे. कप फुटला, कप फोडला. दोर तुटला, तोडला. पीक जळालं, जाळलं. बंदूक उडाली, उडवली. एक अक्षर बदललं की माणूस वाक्यातनं बाहेर पडतो. आणि अगदीच आत राहायची पाळी आली तर तिसरी सोय आहे, ‘माझ्या हातून झालं’. म्हणजे हात माझा, पण मी नव्हे. पोरगं मार चुकवायला जे बोलतं तेच मोठेपणी आपण पोलिसांत बोलतो, देवळात बोलतो, मनाशी बोलतो. सप्ताहाला आलेल्या बुवांनीही मला समजावलं होतं, ‘‘तू निमित्तमात्र, बाळा.’’ त्यांना काय माहीत. निमित्त माळ्याची शिडी होती. निमित्त दव होतं. मी निमित्त नव्हतो.

रात्री मी काहीच केलं नाही, हे खरं. जे केलं ते तीन-चार आठवड्यांपूर्वी दुपारी केलं, सोप्यात, उजेडात, मांडी घालून, गुणगुणत. त्या दुपारी कुणाला दुखलं नाही, रक्त आलं नाही, म्हणून ती दुपार गुन्ह्यासारखी दिसत नाही. आपण कर्माचा हिशेब जिथं आवाज होतो तिथं करतो. मला तर वाटतं, त्या दुपारी कानस खाली ठेवली तेव्हाच बार निघाला होता, पोटरीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला एवढंच.

आणि हलक्या चापानं आणखी एक गोष्ट गेली. जड चाप होता तोवर उडाली आणि उडवली यांत फरक राहत होता. एवढा जोर लावायचा म्हणजे माणसाला ठरवावं लागतं. ठरवून ओढला, तर उडवली. चाप जसजसा हलका होत जातो तसतसं ठरवणं आणि नुसतं होणं यांतलं अंतर कमी होतं. शेवटी माझं मलाही सांगता येत नाही, मी केलं की झालं. झाडावरचं ते फळ मी नेम धरून उडवलं म्हणून फुशारकी मारली, पण मनात ‘आता’ म्हणायच्या आधीच बार झाला होता. ती फुशारकी तेवढी घेतली, आणि पोटरी मात्र शिडीच्या नावावर टाकली.

दुसऱ्या दिवशी पुतण्याबरोबर रानात गेलो तेव्हा मी त्याला एवढंच विचारलं, कशाला हलका केलास? तो हुशार आहे, त्यानं नीट उत्तर दिलं. म्हणाला, ‘‘तात्या, जड चाप म्हणजे सुरक्षित असं नसतं. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी वर्षानुवर्षे मुद्दाम बारा पौंडांचा चाप ठेवला, की चुकून गोळी सुटू नये. म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. २०१२ साली एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर सोळा गोळ्या झाडल्या. नऊ वाटसरू जखमी झाले, सगळे पोलिसांच्या गोळ्यांनी नाहीतर त्यांच्या तुकड्यांनी. तेव्हा लोक म्हणालेच, एवढा जड चाप ओढताना हात हलणार नाही तर काय? माझा नेम सरळ असला तर जिथं मारायचं तिथंच लागेल. म्हणजे हलका चापच जास्त नीतीचा.’’

या बोलण्यात दम आहे. मी ते हसण्यावारी नेणार नाही. माझी नळी हिसका खायची तेव्हा छर्रे कुठं जात होते, हे मलाही माहीत नव्हतं. जडपणाला देव मानून उपयोग नाही. माझ्या आईचा हातपंप एवढा जड होता की तिच्या खांद्याचं वाटोळं झालं. तो मी सैल करून दिला, त्याचं मला पुण्यच लागलं असेल. खुरप्याची मूठ आपण आपल्या हाताला तासून घेतोच. हत्यार माणसाला जुळवायचं की माणूस हत्याराला, याचं एकच उत्तर नाही.

पण बारकाईनं बघितलं तर जडपण दोन जातींचं असतं. एक, करणाऱ्याच्या निष्काळजीपणानं आलेलं, खरखर, गंज, वाकडं बसलेलं. आणि दुसरं, करणाऱ्यानं विचार करून ठेवलेलं. हाताला दोन्ही सारखीच लागतात, ही खरी अडचण. घरात बसून खोलणाऱ्याला वाटतं सगळं पहिल्याच जातीचं आहे, कारखानदाराला अक्कल नव्हती ती मला आहे. आमच्या शिवारात बघा. फ्यूजची तार मुद्दाम बारीक असते, भार आला की तिनं जळावं आणि मोटर वाचावी. पण रात्रीची लाइट, पाणी अर्धवट, फ्यूज उडाला की माणूस वैतागतो आणि जाड तार पिळून घालतो. फ्यूज परत उडत नाही. मोटर उडते. रोटाव्हेटरचा बोल्ट मुद्दाम कच्चा असतो, दगड लागला की त्यानं तुटावं. आपण कठीण बोल्ट घालतो, मग गिअर तुटतो. हे निदान आपलंच नुकसान. पण डुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन येतं, ते थांबून थांबून झटका देतं, म्हणजे हात लागला तर सुटायला वेळ मिळतो. काही जणांना तो झटका पुरेसा वाटत नाही. ते तारेत सरळ लाइट सोडतात. मग सकाळी शेजारी वैरणीला जातो आणि बांधावर पडून राहतो. तारेत लाइट सोडणारा काय म्हणतो? ‘‘शॉक लागला.’’ लागला. लावला नाही.

नेमबाजीच्या खेळात चाप हलका ठेवतात, तिथं केसाएवढ्या फरकानं पदक जातं. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं. त्या प्रकारात चाप एक किलोपेक्षा हलका चालत नाही. स्पर्धेच्या वेळी तपासतात, पिस्तूल उभं धरून चापाला किलोचं वजन टांगतात, वजन उचललं गेलं पाहिजे. मला ही पद्धत फार आवडली. जिथं समोर नुसता पुठ्ठा आहे, मागं मातीचा बंधारा आहे, सगळ्यांची तोंडं एका बाजूला आहेत, तिथंही खेळाडूला म्हणत नाहीत की तुझ्या बोटाला बरं वाटेल ते ठेव. दुसरं कुणीतरी तोलून बघतं. माझ्या सोप्यात तोलायला कुणी नव्हतं. पुतण्याच्या टेबलावरही नव्हतं. हौसेनं केलेल्या कामात ही खोट असते, करणारा आणि तपासणारा एकच. त्यातून कौतुक करणारी माणसं घरचीच.

हे सगळं त्या दिवशी मला बोलता आलं नाही. बोलायचं तर आण्णाच्या पायापासून सुरुवात करावी लागली असती. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. आबांना माहीत होतं की नाही, मला सांगता येत नाही. ‘आतलं झिजलं होतं’ असं ते जबाबात म्हणाले तेव्हा माझ्याकडं बघत नव्हते. ते जाऊनही आता अठरा वर्षं झाली.

आणि आण्णाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. तो चिखलणीतला नामांकित गडी होता. गुडघाभर चिखलात दिवसभर बैलामागं उभा राहायचा. त्या पायानं ते परत जमलं नाही. दोन वर्षांनी बैलजोडी विकली, शेत वाट्यानं घातलं. तिसऱ्या वर्षापासून त्याची चिखलणी आणि लावण मी करून द्यायला लागलो, पैसे न घेता. पंधरा वर्षं केली. गावात माझं नाव झालं. शेजारी असावा तर असा, म्हणायचे. एकदा ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमात नारळ देऊन सत्कार केला. तो नारळ घरी आणून मी तीन दिवस फोडला नाही, मग बायकोनं आमटीत घातला.

मी प्रायश्चित्त घेत होतो का? लोकांना वाटलं असतं, होय. पण ज्याचं देणं आहे त्याला देणं काय आहे हेच सांगायचं नाही आणि वर दानशूर म्हणवून घ्यायचं, याला काय म्हणतात मला माहीत नाही.

पुतण्या परत गेल्यावर मला झोप लागेना. पोरगी डोळ्यांसमोर यायची, दाव्याला हात, बटणाला हात. चार वर्षांच्या बोटात किती किलोचा जोर असतो? मी मूर्खासारखा भाजीचा ताणकाटा काढून नातवाच्या बोटाला लावून बघितला. तो सात वर्षांचा आहे. आकडा इथं लिहीत नाही. त्याच रात्री फोन केला.

सगळं सांगितलं. दुपार, कानस, लोणी, शिडी. पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, ‘‘तात्या, माझं लॉकरमध्ये असतं. कायम.’’

‘‘माझीही अर्ध्या घोड्यावर होती,’’ मी म्हणालो.

‘‘तुमची शंभर वर्षांची बंदूक होती. याचे पार्ट वेगळे असतात.’’

‘‘असतील.’’

परत शांतता. मग त्यानं विचारलं, ‘‘आण्णांना हे माहीत आहे?’’

मी फोनवर काय बोललो आठवत नाही. त्यानं पिस्तुलाचं पुढं काय केलं, मला माहीत नाही. ‘‘बघतो’’ म्हणाला होता. मी परत विचारलेलं नाही. विचारण्याचा हक्क आधी कमवायला पाहिजे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आण्णाकडं गेलो. आता सत्तरी ओलांडलीय त्यानं. दारात पाय लांब करून उन्हाला बसला होता, तोच पाय. मी शेजारी बसलो आणि सुरुवातच चुकली, आधी पाण्याच्या पाळीवर बोललो, मग ऊसतोडीवर. शेवटी म्हणालो, ‘‘आण्णा, ती बंदूक झिजली नव्हती. मी घासली होती. चाप हलका करायला. आबास्नी न सांगता.’’

तो तंबाखू मळत होता. मळत राहिला. चुना झटकला, चिमूट तोंडात टाकली.

‘‘मला वाटलंच व्हतं,’’ म्हणाला. ‘‘आर्ध्या घोड्यावरनं बंदूक आपसूक कशी उडंल? तुझ्या बाची बंदूक मी बी हाताळलेली हाय.’’

‘‘मग जबाबात का न्हाई सांगितलंत?’’

‘‘मी कशाला सांगू? तुझं तू कवा सांगतोस बघत व्हतो.’’

‘‘तेहतीस वर्षं?’’

‘‘पंधरा वर्सं माझी लावण केलीस. म्हटलं, सांगितल्यावर लावण थांबवतोय का काय हा.’’ आणि तो हसला, तंबाखू सांभाळत, गालातल्या गालात. मला हसू आलं नाही. मग तो गप्प झाला. पोटरीवरनं हात फिरवत म्हणाला, ‘‘बैल इकले तवा सांगाय पायजे व्हतंस. तवा मी लई कावलो व्हतो. शिडीवर कावलो, दवावर कावलो. कुणावर तरी नीट कावायला मिळालं असतं.’’

मी काही बोललो नाही. त्यानं चंची माझ्याकडं सरकवली. ऊन कलायला लागलं होतं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, गुरुवारी पाळी तुझी असली तर दोन तास मोटर माझ्याकडं सोडशील का, वांगी वाळायला लागलीत. सोडतो म्हणालो.